स्टिअरिंगचे तेल : उतरलेली पातळी काय सांगते?



जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे गाव आहे. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच तालुक्यातले. गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे या पट्ट्यातील काळ्या रानांतून उसाने लादलेले ट्रॅक्टर बाहेर पडतात. मागे दोन दोन ट्रॉल्या, खाली चाकोऱ्यांनी खचलेली गाडीवाट, आणि बहुधा रात्रीची वेळ. तरीही चालक एका हाताने सहज वळण घेतो. हे बळ त्याच्या मनगटातले नसते. ते तेलाचे असते. त्या तेलाची पातळी कशी राखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आपण शहरात राहत असलात, तरी आपले बंधू किंवा काका गावी ट्रॅक्टर बाळगून असतील; कदाचित आपल्याच दारी डोंगरवाटांवर नेण्याची जीप असेल. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगितला. तो मोटारीच्या स्टिअरिंगला लावून दाखविला फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअराने, 1926 साली. पुढे 1951 साली क्रायस्लर कंपनीने ही सोय विक्रीच्या मोटारीत आणली. रचना अशी असते : इंजिनावर चालणारा पंप टाकीतून तेल ओढतो, चाक फिरेल त्या बाजूस एक झडप ते सोडते, आणि नळकांड्यातील दट्ट्या पुढची चाके ढकलतो. दट्ट्याचा व्यास 40 मिलिमीटर आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 किलो धरला, तर सुमारे साडेबाराशे किलोचा रेटा मिळतो. हत्तीचे बळ एवढ्याशा नळकांड्यात सामावते ते असे.

आता मुख्य मुद्दा. डिझेल जळून संपते. स्टिअरिंगचे तेल मात्र खर्च होत नाही; तेच तेल फिरून फिरून टाकीत येते. म्हणून त्याची पातळी खरोखर उतरली असेल, तर ते तेल कोठेतरी गेले आहे, हे निश्चित समजावे. गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून त्याच्याच घरचा दाखला देतो. माठ पाझरतो तो आपल्या गुणाने. टाकी पाझरते ती दोषाने. माठात रोज पाणी भरणे हा गृहिणीचा नित्यक्रम. पण लोखंडी टाकी रोज भरावी लागली, तर ती प्रथम टाकीखाली ओल शोधील. आपल्याकडे पुष्कळ चालक स्टिअरिंगच्या टाकीला माठाप्रमाणे वागवितात. कमी दिसले की ओतले! ही सवय घातक आहे.

परंतु पातळी खरोखर उतरली आहे की नुसती तशी दिसते, हे आधी ठरविले पाहिजे. कारण काहीही न गळता ती तीन कारणांनी बदलते. पहिले कारण दांड्याचे. नळकांड्याच्या एकाच बाजूने दांडा बाहेर येत असेल, तर तो बाहेर सरकताना आत रिकामी झालेली जागा तेलाने भरते. दांडा 20 मिलिमीटर जाड असून 200 मिलिमीटर बाहेर आला, तर टाकीतून सुमारे 63 घन सेंटिमीटर तेल जास्त जाते. जीपला असे नळकांडे मागाहून बसविले असेल आणि मूळची टाकी लहान असेल, तर एका बाजूच्या पूर्ण वळणावर टाकीचा तळ उघडा पडण्याचा संभव असतो. दुसरे कारण उष्णतेचे. एक लिटर तेल 60 अंशांनी तापले, तर ते सुमारे 40 घन सेंटिमीटर फुगते. तिसरे कारण उताराचे. वाहन बांधावर कलले, म्हणजे तेल टाकीच्या एका कुशीस जाते.

म्हणून माप घ्यावयाचे ते नेहमी एकाच स्थितीत. जागा सपाट असावी, पुढची चाके सरळ असावीत. झाकणाभोवतीची धूळ पुसून मगच झाकण काढावे. डिपस्टिकवर गार व गरम अशा दोन खुणा असल्यास योग्य तीच पाहावी. इंजिन चालू असावे की बंद, हे त्या वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते, तसेच करावे. काही ट्रॅक्टरांत गिअरपेटी, लिफ्ट व स्टिअरिंग यांचे तेल एकच असते. तेथे मागचे अवजार खाली टेकवावे आणि उचलणारी ट्रॉली असल्यास तीही खाली घ्यावी. नाहीतर तिच्या नळकांड्यात गेलेले तेल आपण हरवले असे समजू. खुणेच्या वर कधी भरू नये. तापलेले तेल झाकणातून उतू जाते, आणि मग नसलेली गळती शोधीत बसावे लागते.

इतके करूनही पातळी उतरलेली असेल, तर शोध घ्यावा. मिनिटाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. परंतु वीस थेंबांचा एक घन सेंटिमीटर धरला, तर दहा तासांच्या कामात 30 घन सेंटिमीटर, म्हणजे दहा दिवसांत पाव लिटराहून अधिक तेल जाते. नळ्यांचे सांधे, दांड्याभोवतीचे सील आणि पंपाचा तळ पाहावा. धूळ चिकटून काळा थर जमला असेल, तेथेच बहुधा चोर सापडतो. बाहेर ओल नसेल, तर काही रचनांत पंपाचे सील फाटून तेल इंजिनात उतरते. इंजिनाचे तेल वाढले आहे काय ते पाहावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : चालू यंत्राच्या नळीवरून बोट फिरवून गळती शोधू नये. दाबाखालचे बारीक तेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली, तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शोधासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

पातळी फार खाली गेली, की पंप हवा ओढतो. तेल फेसाळते, पंप कण्हू लागतो आणि चाक मध्येच हलके, मध्येच जड लागते. कारण तेल दबत नाही, पण हवा दबते. अशा वेळी पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेकचे तेल कदापि घालू नये, त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. मग पुढचा आस जॅकवर उचलून नीट टेकू द्यावा, इंजिन मंद चालवावे आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत हवा बाहेर काढावी. टोकाशी दाबून धरू नये. तेथे तेल फुकट तापते.

तेल आटले, तर जीपसारख्या वाहनात चाक जड होते, तरी दांड्यांची जोडणी शाबूत असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत मात्र स्टिअरिंग आणि पुढची चाके यांना जोडणारे तेलावाचून दुसरे काहीच नसते. दोन भरल्या ट्रॉल्या मागे, समोर वळण आणि त्या वळणावर शाळेतून परतणारी मुले, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. म्हणजे सकाळची ती पाच मिनिटे कशासाठी, हे निराळे सांगावे लागणार नाही. झाकणाशेजारी एक छोटी वही ठेवा. तारीख, पातळी आणि किती तेल घातले, एवढेच लिहा. ज्या दिवशी त्या वहीत एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा तेल घातल्याची नोंद होईल, त्या दिवशी डबा खाली ठेवा आणि मिस्तरीला बोलवा.