पुसट रेघेचा अर्थ

लांज्याकडील वाडीवाडींत आशाताई ‘निश्चय’ नांवाचें किट देतात. पण कधीं दुसरी रेघ इतकी पुसट उमटते कीं निश्चयच होईना! बर्लिनच्या आशहाइम व झोंडेक यांना १९२८ सालीं हाच निर्णय उंदरांवर प्रयोग करून चार-पांच दिवसांनीं मिळे. आतां मिनिटें पुरतात, धीर मात्र पुरत नाहीं. गर्भाचें संप्रेरक आरंभीं दर दोन-तीन दिवसांनीं दुप्पट होतें. म्हणून वेळेंत उमटलेली फिकट, पण रंगीत रेघ बहुधा होकारच. दोन-तीन दिवसांनीं सकाळच्या पहिल्या लघवीनें पुन्हा पाहावें. वाळल्यावर दिसणारी करडी रेघ मानूं नये. ‘सी’ खुणेपाशीं रेघच नसेल तर किट बाद. शिवाय रेघ गर्भ आहे एवढेंच सांगते, तो कोठें रुजला तें नव्हे. ओटीपोटांत एका बाजूस कळ, रक्तस्राव वा भोवळ असल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. गर्भनलिकेंत वाढणारा गर्भ जिवावर बेततो.