निधी आपला, हिशेबही आपलाच



आमच्या बचत गटाची वही मी सांभाळते. म्हणूनच आज पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांची गोष्ट सांगते.

1946 मध्ये अमेरिकेने तिथल्या 167 माणसांना हलवले आणि 1958 पर्यंत तिथे 23 अणुचाचण्या केल्या. लोक अजून कायमचे परतू शकलेले नाहीत. त्यांच्यासाठी पुनर्वसन निधी उभा राहिला, पण खर्चावर देखरेख अमेरिकन सरकारची. 2017 मध्ये ती उठली. निधी बेटवासीयांच्या परिषदेच्या हाती आला, हे न्याय्यच होते. तेव्हा त्यात सुमारे 6 कोटी डॉलर होते. 2023 च्या सुरुवातीला उरले जेमतेम 1 लाख! घरोघरी मिळणारी मासिक रक्कम थांबली.

तिथे जमिनीचा वारसा आईकडून येतो. मग त्या जमिनीपायी आलेल्या पैशाचा हिशेब प्रत्येक बाईपुढे यायला नको?

परक्याचा पहारा नकोच. पण आपल्या माणसाला हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. एकीने भर बैठकीत वही मागितली, तेव्हा मलाही राग आला होता. बरोबर तीच होती. आता दर बैठकीत आम्ही वही मोठ्याने वाचतो. मुद्दलाला हात लावायचा, तर सगळ्यांना विचारून.