आकडे सारखे, गाड्या निराळ्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलं. पुण्यात पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. सुरुवातीला पद्मिनी आणि अँबॅसिडर, मग मारुती, आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत जर्मन गाड्या. यांचं बॉनेट उघडलं की इंजिन दिसतच नाही, नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. आता गॅरेज मुलगा बघतो. मी दारात खुर्ची टाकून सल्ले देतो. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे मागणी बरी असते.

असाच माझा भाचा आला. धंद्यात दोन पैसे मिळाले होते आणि मोठी गाडी घ्यायची होती. मोठी म्हणजे उंच बसायची, पण पळायलाही चपळ. नव्या गाडीला कोटीच्या पुढे मोजावे लागतात, म्हणून पाच-सहा वर्षं वापरलेली बघत होता. म्हणाला, "मामा, दोनच नावं उरलीत. बीएमडब्ल्यूची एक्स-फाइव्ह आणि पोर्शची कायेन. कोणती घेऊ?"

त्याने दोन्हींचे कागद समोर ठेवले आणि मला हसू आलं. दोन्ही गाड्यांच्या या पिढ्या एका वर्षाच्या अंतराने आल्या, कायेन 2017 साली आणि एक्स-फाइव्ह 2018 साली. तेव्हाच्या पेट्रोल मॉडेलांचे आकडे बघा. इंजिन तीन लिटरचं, सिलिंडर सहा, ताकद 340 अश्वशक्ती, टॉर्क 450 न्यूटन मीटर. हे एकीचं. दुसरीचंही तेच, अगदी आकड्याला आकडा. गिअर दोन्हीकडे आठ, आणि ते गिअरबॉक्सही झेडएफ या एकाच जर्मन कंपनीचे. वजन दोन्हींचं दोन टनांच्या आसपास. कागदावर निवड करायची तर नाणं उडवावं लागलं असतं.

तशा दोन्ही कंपन्या दक्षिण जर्मनीच्या, एक म्युनिकची, दुसरी स्टुटगार्टची. दोघींचं नाव झालं ते जमिनीलगत पळणाऱ्या गाड्यांमुळे. 1999 साली बीएमडब्ल्यूने पहिली एक्स-फाइव्ह आणली, आणि ती जर्मनीत नव्हे तर अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बनवली. 2002 साली पोर्शने कायेन आणली, तेव्हा पोर्शच्या जुन्या भक्तांनी कपाळाला हात लावला. दोन माणसांच्या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांनी जीपगाडी काढावी, हा त्यांना धर्म बुडाल्यासारखा वाटला. पण गाडी अशी खपली की कंपनीची गंगाजळी भरली. तर ते असो.

मी भाच्याला म्हटलं, कागद ठेव घरी, गाड्या चालवून बघू. माझ्या दोन जुन्या गिऱ्हाइकांकडे या दोन गाड्या होत्या. विश्वासाची माणसं, त्यांनी किल्ल्या दिल्या. ठरवलं ते असं की रस्ता एकच, वेळ एकच आणि बसणारी माणसंही तीच. लागोपाठ दोन रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघायचं, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या पाण्याच्या कडेने जायचं आणि ताम्हिणी उतरून विळ्याला चहा घ्यायचा. शेजारी भाचा आणि मागे आमची ताई, म्हणजे त्याची आई. ताईला घाट लागतो. आलेपाकाची पुडी घेतल्याशिवाय ती ताम्हिणीचं नाव काढत नाही. गाडी पारखायला याहून चांगलं यंत्र मला ठाऊक नाही.

पहिल्या रविवारी एक्स-फाइव्ह. हिच्या इंजिनाचे सहाही सिलिंडर एका ओळीत असतात. या मांडणीत पुढच्या तीन दट्ट्यांची हालचाल मागच्या तिघांच्या हालचालीला तोलून धरते, त्यामुळे थरथर जवळपास उरतच नाही. बीएमडब्ल्यूने ही मांडणी दशकानुदशकं सोडलेली नाही, आणि पायाखाली ती कळते. पिरंगुटचा चढ गाडी कुठे चढली ते समजलं नाही. स्टिअरिंग हलकं, एका बोटाने फिरेल असं. पण पुढची चाकं खडीवर आहेत की गुळगुळीत डांबरावर, याचा निरोप हाताला फारसा येत नाही. हवेवरचं सस्पेन्शन खड्डे गिळून टाकतं. मात्र वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. फार नाही, पण कलते. ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणाला मागून आवाज आला, "अरे, जरा हळू." काट्याकडे पाहिलं तर मी पन्नासला होतो. स्पोर्टचं बटण दाबलं की कलणं कमी होतं आणि स्टिअरिंग जड होतं, पण ते जडपण वरून चढवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या रविवारी कायेन. बसल्याबसल्याच फरक सुरू झाला. गाडी सुरू करायची कळ स्टिअरिंगच्या दाराकडच्या बाजूला. जुन्या ल मान्सच्या शर्यतीत चालक धावत येऊन गाडीत उडी मारायचे. एका हाताने किल्ली आणि दुसऱ्याने गिअर, तेवढाच क्षण वाचावा म्हणून ही सोय, असं सांगतात. तशी सुरुवात करायची पद्धत 1969 नंतर बंदही झाली, पण कळ तिथेच राहिली. समोर मधोमध मोठी तबकडी आहे ती वेगाची नाही, इंजिनाच्या फेऱ्यांची. हे लक्षात ठेवा.

इंजिन इथे इंग्रजी व्ही अक्षरासारखं. एक्स-फाइव्हइतकं मऊ नाही, आवाजही जरा खरखरीत. थांबल्या जागेवरून शंभर गाठायलाही कायेन थोडी मागे पडते. कंपनीच्या आकड्यांनुसार कायेनला 6.2 सेकंद लागतात आणि एक्स-फाइव्हला 5.5. पण पौड सोडून रस्ता वळायला लागला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. स्टिअरिंगला वजन आहे आणि ते वजन खरं आहे. रस्ता बदलला की हाताला कळतं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना जोर दिला तरी गाडी ओळ सोडत नाही. आणि कलणं जवळपास नाहीच. दोन टनांचं धूड आपण चालवतो आहोत हे मी दहा मिनिटांत विसरलो. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला असं विसरायला लावणारी गाडी मोठीच म्हणायची.

ताई मागे गप्प होती. आलेपाकाची पुडी उघडली नव्हती.

मुळशीच्या पाण्याच्या कडेने रस्ता लांबलांब वळणं घेतो. तिथे एका वळणापलीकडे दहा-बारा वर्षांचा मुलगा दोन म्हशी घेऊन रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक मारला. ब्रेक उत्तम, गाडी सरळ रेषेत थांबली. पण थांबली तेव्हा बॉनेटपासून म्हैस दोन हातांवर होती. मुलाने आमच्याकडे पाहिलं, म्हशीच्या पाठीवर काठी टेकवली आणि गेला पलीकडे.

माझ्या मनाने मी पंचावन्नने चाललो होतो. भाचा म्हणाला, "मामा, अठ्ठ्याहत्तर होते." त्याने पाहिलं होतं. मी मधल्या तबकडीकडे बघत राहिलो होतो.

दोष गाडीला देत नाही, पाय माझा होता. पण हे झालं कसं, ते गाडीखाली आयुष्य काढलेल्या माणसाने सांगायला हवं. वेग आपल्याला काट्यावरून कळत नाही. तो कळतो कानाने, बुडाखालच्या हादऱ्याने, वळणावर अंग एकीकडे फेकलं जाण्याने, आणि डोळ्यांपुढून रस्ता ज्या वेगाने सरकतो त्यावरून. उंच गाडीत डोळे रस्त्यापासून लांब, म्हणून रस्ता सावकाश सरकताना दिसतो. काचा जाड, म्हणून वारा ऐकू येत नाही. हादरा सस्पेन्शनने खाल्ला. उरलं ते कलणं. एक्स-फाइव्हने ते थोडं शिल्लक ठेवलं होतं, कायेनने तेही पुसून टाकलं. पण चालत्या गाडीतली ऊर्जा पुसली जात नाही. ती वेगाच्या वर्गाने वाढते. पंचावन्नला जितकी असते, त्याची अठ्ठ्याहत्तरला जवळपास दुप्पट होते, आणि ती सगळी ब्रेकना खावी लागते. माझ्या पद्मिनीत मी त्या वळणावर चाळिसाच्या वर कधी गेलो नाही. जाऊ शकलोच नसतो, दरवाजे खडखडायला लागायचे.

विळ्याला चहा घेताना माझा हात अजून थरथरत होता. ताई म्हणाली, "आज मला घाट लागला नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण ही गाडी नको घेऊस रे."

भाच्याने विचारलं, "चालवायला कोणती चांगली, तेवढंच सांगा." खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, रोज हिंजवडीला जायचं असेल, बायकामुलं घेऊन कोकणात उतरायचं असेल, तर एक्स-फाइव्ह. चालवण्याचा आनंद विचारशील, तर कायेन, आणि अंतर थोडंथोडकं नाही. पण ताईचं ऐक.

त्याने कायेन घेतली. त्या वयात मीही तीच घेतली असती. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्याची गाडी 2020 सालची निघाली. 2019 च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या गाड्यांना वेगाची घंटी सक्तीची झाली. ऐंशी ओलांडले की टिंगटिंग करते, एकशेवीसच्या पुढे थांबतच नाही. गाडी दाखवायला आला तेव्हा पेढे ठेवले, पाया पडला आणि पहिला प्रश्न हाच की मामा, ही घंटी बंद करता येते का?

मी म्हटलं, नाही रे बाबा, मला नाही येत.