मुलांच्या हाती सुकाणू द्या

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



सुटीत तलावावर शिडाची होडी चालवायला शिकवणारे शिबिर आहे. त्याची संमतीपत्रके मुलांनी हौसेने घरी नेली. सही होऊन परत आली ती मोजकीच, आणि मुलींची तर त्याहून कमी. पाण्याची भीती वाटते असे आपण सांगता. ही भीती खोटी नाही. पण आपण कोण, याचाही विचार व्हावा. कोकण किनाऱ्यावरची आपली कितीतरी घराणी दर्यावर्दी होती. नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आला, बंदरही फारसीच. खलाशी आणि मोसम अरबीतून आले. शब्द आपल्या तोंडी राहिले, शिडाची दोरी मात्र हातातून सुटली.

मुलांना देतात ती होडी ऑप्टिमिस्ट जातीची. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती खास मुलांसाठी आखली. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलोच्या आसपास, शीड एकच. तिच्यात हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे उलटली तरी ती बुडत नाही. अंगात लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला पाण्यावर सोडत नाहीत.

आणि चांगले शिक्षक आरंभीच शिकवतात ते होडी उलटवायला! मुद्दाम उलटवायची, तळातून निघालेल्या फळीवर उभे राहून भार द्यायचा, की ती पुन्हा सरळ होते. होडी सोडून काठाकडे पोहत सुटायचे नाही, हा पक्का नियम. दोनचारदा उलटून झाले की मुलाची भीती जाते. काठावर उभ्या असलेल्या बापाची जायला जरा वेळ लागतो.

खरी परीक्षा वाऱ्याची. समुद्रावरचा वारा पुष्कळदा एका दिशेने, एका जोराने वाहतो. तलावाचे तसे नाही. भोवती टेकड्या, झाडी, इमारती. त्यांना वळसे घालून येणारा वारा क्षणात पडतो आणि क्षणात दुसऱ्याच बाजूने झोत येतो. झोत येण्याआधी पाण्यावर काळसर लहरींचा पट्टा सरकत येताना दिसतो. तो ओळखायचा, वारा येतो त्या बाजूच्या काठावर बसून अंग बाहेर झुकवायचे, आणि जोर फारच झाला तर शिडाची दोरी सैल सोडायची. घाबरलेले मूल नेमके उलटे करते, दोरी घट्ट आवळते. तेथेच होडी कलंडते. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते, हेही हाताला सवयीनेच कळते. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, शीड नुसते फडफडते. साधारण ४५ अंश बाजूने, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणावर शिडाची आडवी दांडी डोक्यावरून जाते. मान खाली घालायला विसरणारा दुसऱ्यांदा विसरत नाही.

हे श्रीमंतांचे खेळ, असे कुणी म्हणेल. भोपाळचा मोठा तलाव पाहा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला म्हणून प्रसिद्ध. तेथे राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तेथे शिकली, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत इबाद अली यांनी शिडाच्या फळीवरील शर्यतीत कांस्यपदक आणले. आणि भोपाळ हे तेच शहर, जेथे १८१९ पासून १९२६ पर्यंत बेगमांनी राज्य केले. त्यांतल्या सुलतान जहाँ बेगम १९२० साली अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आपल्या मुलींसाठी आणखी कोणता दाखला हवा?

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पोहता येत नाही त्या मुलाला पाठवू नका; आधी ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. मुलींबरोबर आपल्या शाळेच्या दोन शिक्षिका जातील. अंगभर कपडे चालतात, फक्त ते पायघोळ नसावेत आणि ओढणी नको, ती दोरीत अडकते. चष्मा असेल तर मागे दोरा बांधून द्या. कोरी संमतीपत्रके माझ्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना घेऊन जा.