पट्टा, चेन की चाकातली मोटार? गटातून गाडीसाठी कर्ज देण्याआधी



आपल्या ग्रामसंघाच्या बैठकांत हल्ली एक नवीन कर्जमागणी येऊ लागली आहे. शेळी, शिलाई मशीन, खतबियाणं हे नेहमीचं आहेच. त्याच्या जोडीला आता बॅटरीवरची सायकल आणि बॅटरीवरची स्कूटर आली आहे. कुणाला डेअरीवर दूध पोचवायचं आहे, कुणाला पापड-शेवया आठवडी बाजारात न्यायच्या आहेत, तर बँक सखीला आणि पशुसखीला रोज तीन-चार वाड्या फिरायच्या आहेत. गरज खरी आहे, पण पैसाही मोठा आहे. बॅटरीची सायकल २५-३० हजारांपासून पुढे आणि बरी स्कूटर लाखाच्या घरात जाते. हे पैसे दर महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेले आहेत. त्यामुळे गाडी काय चीज आहे हे कर्ज घेणारीला तर कळायला हवंच, पण ठरावावर सही करणाऱ्या दहाही जणींना कळायला हवं.

एका गटानं विचारलं आहे, "ताई, दुकानदार म्हणतो बेल्टवाली घ्या, पुतण्या म्हणतो मिड-ड्राइव्ह घ्या. यातली कुठली चांगली?"

हा प्रश्न पुष्कळजणी विचारतात. पण खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मिड-ड्राइव्ह म्हणजे मोटार गाडीच्या मध्यभागी बसवलेली. बेल्ट म्हणजे त्या मोटारीचा जोर चाकापर्यंत नेणारा पट्टा. एक झाली मोटारीची जागा, दुसरं झालं जोर नेण्याचं साधन. दोन्ही एकाच गाडीत असू शकतात. एथर ४५० स्कूटरची मोटार मधे आहे आणि चाकाला जोर पट्ट्यानं जातो. जर्मनी, नेदरलँड्समध्ये मधे मोटार आणि पट्टा दोन्ही असलेल्या सायकली पुष्कळ चालतात. म्हणून दुकानात पहिलं विचारायचं, मोटार कुठं आहे? दुसरं विचारायचं, चाकापर्यंत जोर कशानं जातो?

आता पहिला प्रश्न घेऊ, मोटार कुठं?

एक प्रकार म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटार. तिला हब मोटार म्हणतात. आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बॅटरी सायकलींना मागच्या चाकात हीच असते. स्कूटरमध्ये टीव्हीएस आयक्यूबला ती आहे. मोटार फिरली की चाक फिरलं, मधे पट्टा नाही, चेन नाही. भाग कमी, म्हणून बिघाडाच्या जागा कमी. सायकलीत आणखी एक फायदा आहे. वाटेत पायडलची चेन तुटली तरी मोटार वेगळी असल्यामुळे, गाडीला हातातला अ‍ॅक्सिलरेटर असेल तर, मोटारीवर घरी येता येतं. बॅटरी संपली तर पायडल आहेच.

तिची अडचण दोन ठिकाणी येते. पहिली चढाला. मोटार चाकातच असल्यामुळे चाक हळू झालं की बहुतेक वेळा मोटारही हळू फिरते. ओझं जास्त आणि फिरणं कमी असं झालं की मोटार वीज जास्त ओढते आणि तापते. छोटा चढ ती काढते. पण दूध घेऊन लांबलचक घाट रोज चढायचा असेल तर तिची दमछाक होते. दुसरी अडचण पंक्चरची. चाकात मोटार म्हणजे चाक जड, आणि त्यात वायर गेलेली. चाक काढताना आधी वायरचा जोड सोडवावा लागतो. परत बसवताना आसाचे नट आणि त्याखालचे वॉशर जसे होते तसे घट्ट बसले पाहिजेत, नाहीतर मोटारीच्या जोरानं आसच फिरतो आणि वायर पिळून तुटते. पंक्चरवाल्याला हे सांगून ठेवा, जवळ उभ्या राहून बघा.

दुसरा प्रकार मधल्या मोटारीचा. सायकलीत ती पायडलच्या जागी असते. तिचा जोर सायकलीच्याच चेनमधून आणि गिअरमधून जातो. आपण चढाला हलका गिअर टाकतो, तसा तो मोटारीलाही मिळतो. मोटार आपल्या सोयीच्या वेगानं फिरत राहते आणि चाकाला जोर मिळतो. म्हणून घाटरस्त्याला ही सरस. वजनही मधे आणि खाली राहतं, त्यामुळे कॅन लावला तरी तोल सांभाळता येतो. शिवाय मागचं चाक साध्या सायकलीसारखं निघतं.

पण तिचंही देणं आहे. आपल्या पायाचा जोर आणि मोटारीचा जोर, दोन्ही त्या एकाच चेनवर येतात. चेन आणि मागची दातेरी चक्रं लवकर झिजतात. गिअर बदलताना क्षणभर पायडलवरचा जोर कमी करायची सवय लावावी लागते. चेन तुटली तर मोटार आणि पायडल दोन्ही गेले, गाडी ढकलत आणायची. आणि ही सायकल हब मोटारीच्या सायकलीपेक्षा महाग पडते.

आता दुसरा प्रश्न, जोर कशानं जातो?

हे समजायला आपलं पायमशीन डोळ्यांसमोर आणा. खाली मोठं चाक, वर लहान चाक, मधे चामडी पट्टा. मोठं चाक एकदा फिरलं की लहान अनेकदा फिरतं, म्हणून सुई भराभर चालते. बॅटरीच्या स्कूटरमध्ये हेच उलटं केलेलं असतं. मोटारीवर लहान चक्र, मागच्या चाकावर मोठं. मोटार अनेकदा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग कमी होतो पण जोर वाढतो, आणि चढ चढायला तोच लागतो.

मशीनचा पट्टा गुळगुळीत असतो, सैल झाला की घसरतो. गिरणीचा पट्टाही घसरतो हे तुम्हाला माहीत आहे. गाडीच्या पट्ट्याला मात्र आतून दाते असतात, ते चक्राच्या दात्यांत बसतात, म्हणून तो नीट ताणलेला असला की घसरत नाही. पट्ट्याचा आवाज नसतो, त्याला तेल लागत नाही, म्हणून साडीला काळे डागही नाहीत. चांगला पट्टा चेनपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मशीनला तेल घालायची आपल्या हाताला सवय आहे. गाडीच्या पट्ट्याला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही. चिखल बसला तर साध्या पाण्यानं धुवायचा आणि पुसायचा. स्वतः ओढूनताणून घट्टही करायचा नाही. फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो, सैल राहिला तर दाते उडी मारतात. सुटा पट्टा घरात आणून ठेवला असेल तर त्याची घडी घालू नका, आतले धागे मोडतात.

पट्ट्याचे शत्रू दोन, खडी आणि वेळेवर न बदलणं. पट्टा आणि चक्राच्या मधे खडा अडकला तर दाते तुटतात. म्हणून खडीच्या, कच्च्या रस्त्याला खालून झाकण आहे का ते बघा. कडेचे धागे निघालेले, दाते झिजलेले, पट्ट्याला चिरा दिसल्या की लगेच दाखवा. चेनची एक कडी तुटली तर गावातला सायकलवाला जोडून देतो. पट्टा जोडता येत नाही, अख्खा नवाच लागतो, आणि तोही त्याच मापाचा. सायकलीच्या बाबतीत तर पट्टा घालायला सांगाड्यालाच मागं उघडता येणारी जागा असावी लागते. म्हणून साध्या सायकलीला मागाहून पट्टा बसवून घेऊ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

चेन आवाज करते, तेल मागते, सैल होते. पण तिची दुरुस्ती कुठल्याही वाडीवर होते. कंपन्यासुद्धा एकाच मतावर थांबलेल्या नाहीत. ओलाच्या आधीच्या एस१ गाड्यांना पट्टा होता, २०२५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत चेन आली. काही स्कूटरमध्ये बंद पेटीत गिअर असतात, त्यांना धूळ लागत नाही, पण ती पेटी उघडण्याचं काम कंपनीच्या केंद्रातच होतं.

मग कुणी काय घ्यावं? सपाट रस्ता, हलकं ओझं, रोज दहा-बारा किलोमीटर असेल तर चाकातली मोटार पुरते, पैसेही वाचतात. रोजचा घाट आणि ओझं असेल तर मधल्या मोटारीचा विचार करा. रस्ता डांबरी आणि सेवा केंद्र तालुक्यात असेल तर पट्टा सुखाचा. रस्ता खडीचा आणि केंद्र जिल्ह्याच्या गावी असेल तर चेन किंवा हब मोटार परवडते. पट्टा तुटून गाडी आठ दिवस पडून राहिली, तर त्या आठ दिवसांचं दूध कोण पोचवणार? हप्ता तर थांबत नाही.

ओझ्याचा हिशेबही मांडा. ४० लिटर दूध म्हणजे साधारण ४१ किलो. त्यात कॅनचं वजन, त्यात आपलं वजन. ५५ किलोची बाई असेल तर आकडा शंभराच्या पुढे जातो. गाडीच्या माहितीपुस्तकात किती भार चालतो ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

कागदाचं एक सांगते. मोटार २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल, तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यापुढच्या गाडीला नोंदणी, विमा, लायसन्स सगळं हवं. दुकानदार तोंडी म्हणाला एवढ्यावर जाऊ नका, प्रमाणपत्राची प्रत मागा. आणि कर्ज जिच्या नावावर, गाडीही तिच्याच नावावर असू द्या.

शेवटी, ठराव करण्याआधी गटानं एवढं करावं. गाडीची चाचणी दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. आपल्या गावच्या चढावर, भरलेला कॅन लावून, जी रोज चालवणार आहे तिनंच चालवून बघावी. साडी नेसून बसून बघा, पदर किंवा ओढणी चाकात, पट्ट्यात, चेनमध्ये जाणार नाही असं झाकण आहे ना ते बघा. पट्ट्याची, चेनची, मोटारीची आणि बॅटरीची वॉरंटी किती आणि नवा भाग केवढ्याला, हे सगळे आकडे लिहून घ्या. नवा पट्टा किती दिवसांत मिळेल ते विचारा. ही सगळी उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि मग कर्जावर सही करा.

गाडी आली की बाईचा वेळ वाचतो, बाजाराला जायला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. हे सुख हप्ते फिटेपर्यंत आणि पुढेही टिकायला हवं, म्हणून एवढी चौकशी. तुमच्या गटात बॅटरीची गाडी घेतलेली कुणी असेल, तर तिला पुढच्या बैठकीत दहा मिनिटं बोलायला सांगा. चढाला काय होतं, पावसात काय होतं, दुरुस्तीला किती लागले, हे तिच्याइतकं खरं दुसरं कुणी सांगणार नाही.