वातात बरळणारा रुग्ण आणि आपण

श्रोतेहो, समजा, तुमच्या गावच्या एका आजोबांना न्यूमोनिया झाला. मुलानं त्यांना कांदिवलीला आपल्याकडं नेलं आणि इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात ठेवलं. तिसऱ्या रात्री आजोबा नळ्या ओढू लागले. "बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय, मला सोडा," म्हणू लागले. मुलालाही ओळखीनात. घरची माणसं हबकली. म्हातारपणी वेड लागलं, की बाहेरची बाधा झाली?

यातलं काहीच नाही. आपण याला वातात बरळणं म्हणतो. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जंतुदोष, प्राणवायूची कमतरता, क्षारांचा बिघाड, तुंबलेली लघवी, वेदना, जागरण किंवा एखादं औषध यांचा मेंदूवर झालेला हा परिणाम. काही रुग्ण तर बरळतही नाहीत. नुसते गुंगल्यासारखे पडून राहतात. तेही चटकन सांगावं.

"मग एक सुई टोचा की!" असं आपण म्हणतो. पण अमेरिकेत 566 रुग्णांवर झालेली एक पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. हॅलोपेरिडॉल या औषधानं वाताचे दिवस कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला इजा करील किंवा फार भेदरला असेल, तरच डॉक्टर ते बेतानं देतात. श्वासयंत्रावरच्या रुग्णाची तगमग कमी करायला डेक्समेडेटोमिडिन उपयोगी पडतं. झोपेच्या काही औषधांनी, म्हणजे मिडाझोलाम, लोराझेपाम यांनी, वात उलट वाढू शकतो. मात्र रोजची दारू एकाएकी तुटल्यानं वात झाला असेल, तर त्याच गटातली औषधं लागतात. म्हणून दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. लाजेपायी जीव धोक्यात येतो.

खरा उपाय म्हणजे मूळ कारण शोधणं आणि आधीच जपणं. 1999 साली अमेरिकेत साध्या वॉर्डातल्या 852 वृद्धांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. चष्मा, कानयंत्र, पुरेसं पाणी, रात्रीची झोप, थोडं चालणं आणि वेळ-काळाची आठवण, एवढ्या गोष्टी सांभाळल्या, तर वाताचं प्रमाण शेकडा 15 वरून 10 वर आलं.

तेव्हा भेटीला जाताना शहाळ्याबरोबर आजोबांचा चष्माही न्या. हात धरून सांगा, "आबा, आज मंगळवार. तुम्ही कांदिवलीला इस्पितळात आहात. बैलांना पाणी दाखवलंय." वाद घालू नका, रागावू नका. परिचारिकेला विचारून त्यांना उठवून बसवा. रात्री मात्र निजू द्या.

गुरुजनहो, एवढं गावात समजावून सांगा. कारण बरळणाऱ्या माणसाला आपल्या माणसाचा आवाज हवा असतो, आणि ते काम सुईला जमत नाही.