घरची भाकरी व बाजारची कचोरी



शेगावच्या स्टेशनावर नावारूपाला आलेली कचोरी आता गावोगाव मिळते. पाच माणसांना दोन-दोन, नग १५ रुपये धरला, तर १५० झाले. आणि रात्री पोरे पुन्हा ताटावर हजर! घरी किलोभर ज्वारी, पाव किलो बेसन, तेल, कांदा मिळून ८० रुपयांत झुणका-भाकर पोटभर होते. पण यात आपला दीड तास कुठे मांडला? निंदणाच्या मजुरीने त्याचे ७५ धरा. म्हणजे घरचे १५५! कचोरीवाला आपली मजुरी आधी लावतो. आपली कोणी धरीतच नाही. तरी भाकरी मी थापीनच, कचोरीने भूक भागत नाही. कांदा चिरणे व भांडी घासणे मात्र हा हिशेब मांडल्यापासून आमच्याकडे मुलगे करतात.